तपासणी मातीची आणि माणसाची



गेल्या खरिपात घाटंजीकडच्या एका गावी शेतीशाळा आटोपली, तेव्हा एका कास्तकाराने माझ्यापुढे पोराच्या तपासण्यांच्या पावत्या धरल्या. दोन दिवसांचा ताप. गोळ्या साठ रुपयांच्या, तपासण्या अठराशेच्या, त्यात थायरॉइडही! "युरियासंगं नको ते औषध गळ्यात मारतात, तसंच झालं न जी हे, सायेब?" कापूस घरी यायला दोन महिने होते आणि पैसे व्याजाचे.

मी डॉक्टर नाही, विस्तार अधिकारी आहे. पण माती परीक्षण करा, हे सांगण्यात माझी नोकरी गेली. ते कशासाठी? खताची मात्रा त्यावर ठरते म्हणून. माणसाचेही तेच. पावसाळ्यात ताप आला तर मलेरियाची तपासणी हवीच, कारण तिच्या निकालावर औषध बदलते. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसएक शेतकरी-मजूर दगावले. तेव्हा रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय इथे नाही, म्हणून केवढी ओरड झाली! हवी ती तपासणी मिळेना, नको ती मात्र पदरात पडते.

असे का होते, हे डॉक्टरांनीच सांगून ठेवले आहे. लासलगावला अनेक वर्षे दवाखाना चालवलेले डॉ. अरुण गद्रे यांनी पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या कामात ७८ डॉक्टरांना बोलते केले. तो अहवाल २०१५ मध्ये आला. रोगी पाठवल्याचे कमिशन मिळते. काही ठिकाणी तर रक्त बेसिनमध्ये ओतून 'नॉर्मल' लिहून देतात!

डॉक्टरने मेहनतीची फी घ्यावी, त्यात वावगे काही नाही. तपासणी का आणि कितीची, हे आधी सांगून घेतली तर कोण तक्रार करील? कमिशनला मात्र वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनीच मनाई केली आहे. कट प्रॅक्टिसविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही केला होता.

म्हणून चिठ्ठी हाती आली की नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, यानं औषध बदलेल का?" कोणी रागावेल. पण असे विचारल्यावर स्वतःच दोन तपासण्या खोडणारे डॉक्टरही मला आर्णी-दारव्ह्याकडे भेटले आहेत.

आणि आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथे रक्ताच्या पुष्कळ तपासण्या मोफत होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाने केसपेपरचे पैसेही बंद केले. जाताना जुने अहवाल पिशवीत घ्या. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.