सायंवर्गातील षड्ज

पोटापाण्याच्या व्यवसायात उमेदीची वर्षे खर्ची पडल्यावर, ज्याने तंबोऱ्यावर कधी षड्जही लावलेला नाही अशा प्रौढ मनुष्यास संगीताचे द्वार कोण उघडील, हा प्रश्न मला पुष्कळ काळ पडत असे. एखाद्या बुजुर्ग गवयाने शिष्य म्हणून पत्करावे एवढी योग्यता अंगी नव्हती आणि कुळात गाण्याचे नावही नव्हते. अखेर बडोद्यास सुरसागर तलावालगतच्या, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत-महाविद्यालयात सायंकालीन पदविका-वर्गासाठी मी अर्ज गुदरला. अर्जात नाव, वय, शिक्षण आणि विषय एवढेच रकाने होते. आपले गुरू कोण आणि घराणे कोणते, असे विचारणारा रकाना त्यात नव्हता.

त्या नसलेल्या रकान्यामागे मोठा इतिहास आहे. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा निघाली, तेव्हा दरबारचे गवई-वादक ‘कलावंत कारखाना’ या खात्याच्या अखत्यारीत मोडत आणि त्यांची विद्या वतनाप्रमाणे वारसाहक्काने सांभाळली जाई. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली. पुढे 1916 साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच नगरीत भरली. आणि जी विद्या केवळ कंठात वसत होती, ती हळूहळू लेखी दप्तरात उतरून चारचौघांच्या हाती आली.

वर्गात प्रथम दिवशी हजेरी झाली, त्यात बँकेतील कारकून होते, गृहिणी होत्या आणि पदवीवर्गात जाण्याची आकांक्षा बाळगणारी कोवळी मुलेही होती. पहिली अडचण रागाची नव्हे, पट्टीची निघाली. पुरुषांचा आवाज काळी एक-दोनच्या आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचला. एका पेटीवर दोघांनाही न्याय कसा द्यावा? गुरुजींनी तोड काढली ती अशी, की एका पट्टीत पुरुषांनी अलंकार म्हणावेत व तोवर स्त्रियांनी हातावर ताल धरून ऐकावे, आणि मग पट्टी पालटून उलट क्रम लावावा. अर्धा वेळ वाया जातो, अशी कुरकुर आम्ही आरंभी केली. परंतु आपला आवाज आपल्या कानांस फसवितो, शेजाऱ्याचा उतरलेला निषाद मात्र तत्काळ खुपतो, हे जसजसे प्रत्ययास येऊ लागले, तसतसे गाण्याच्या पाळीइतकेच ऐकण्याच्या पाळीचे मोल वाटू लागले. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, हे पाठ करण्यास एक संध्याकाळ पुरली. तोच हिशेब दुगुनीत म्हणताना समेवर अचूक येऊन पोहोचण्यास मात्र कित्येक आठवडे लागले.

लेखी विद्येची मर्यादाही त्याच वर्गात कळली, आणि ती कोणी टीकाकाराने नव्हे, अभ्यासक्रमानेच दाखवून दिली. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. वहीत मांडले तर एकाचा आरोह-अवरोह दुसऱ्याच्या जागी खुशाल खपावा. परंतु भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी, देशकारात धैवत वादी आणि गंधार संवादी. पहिला पूर्वांगात रमणारा सायंकाळचा राग, दुसरा उत्तरांगात रमणारा सकाळचा. गुरुजींनी आधी गंधारावर विसावत आणि मग धैवतावर ठाण मांडून तेच पाच स्वर गाऊन दाखविले, तेव्हा संध्याकाळ आणि सकाळ यांतील अंतर आमच्या कानांस उमगले. ते लिहून ठेवण्यास वहीत चिन्ह नव्हते.

विद्यापीठात गवई घडत नाहीत, हा जुना आक्षेप आहे आणि त्याच्याशी माझा वाद नाही. आवाजाचा लगाव, बढत, रागाशी जन्मभर जडणारे सख्य या गोष्टी आठवड्याच्या ठरावीक तासिकांत मावत नाहीत. ज्याला गायकच व्हायचे आहे, त्याने या वर्गानंतर गुरू शोधलाच पाहिजे. तथापि बडोद्याच्या दरबारचे गवई फैयाजखाँ यांची जयजयवंतीची ध्वनिमुद्रिका मी वर्षानुवर्षे केवळ ‘गोड’ म्हणून ऐकत आलो होतो. पदविकेच्या अभ्यासानंतर ती पुन्हा लावली, तेव्हा दोन ऋषभांच्या मध्ये क्षणभर स्पर्शून जाणारा कोमल गंधार आणि अन्यत्र येणारा शुद्ध गंधार मला वेगवेगळे ओळखता आले. ही मिळकत लहान असेल, पण ती मला कोणाच्या मेहेरबानीने लाभलेली नाही. संगीताच्या उंबरठ्याच्या आत कोणी यावे, हे वंशाने ठरावे की शुल्काच्या पावतीने, असा प्रश्न आला तर मी निःसंशय पावतीच्या पक्षाचा आहे. आत आल्यावर कोणी किती पुढे जावे, हे ठरविण्यास रियाज समर्थ आहे.