सीमा पाहावी ओलांडून

परदेशी राहणाऱ्याकडे पाहुणा आला की पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ ठरलेला! मे २०२५ मध्ये अण्णा, म्हणजे आमचे वडील, आखेनला आले तेव्हा आम्हीही हाच बेत पुढे केला. अण्णा म्हणाले, "ते राहू दे. हॉलंड, बेल्जियम इथून हाकेच्या अंतरावर आहेत म्हणतोस ना? मला बॉर्डर दाखव."

त्याला कारण आहे. आमचं गाव निपाणीजवळ. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्ह्याच्या बहुतेक भागासकट ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे होते. "रात्री मुंबई राज्यात झोपलो, सकाळी म्हैसूर राज्यात उठलो," हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. पुढे मोर्चे झाले, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. शेतीचा उतारा मात्र कानडीत येतो आणि अण्णा तो शेजाऱ्याकडून वाचून घेतात.

तेव्हा शनिवारी सकाळी सौ.ने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही निघालो.

पहिला मुक्काम आखेनच्या उत्तरेला, जर्मनीतलं हेर्त्सोगेनराट आणि हॉलंडमधलं केर्कराडे. गावं दोन, पण मधला रस्ता एकच. एका बाजूची घरं जर्मन, दुसऱ्या बाजूची डच. नेपोलियनच्या पाडावानंतर हा मुलूख वाटला गेला आणि रेघ वस्तीतून गेली. १९९० च्या दशकापर्यंत रस्त्याच्या मध्ये एक बुटकी भिंत होती. आता तीही नाही. अण्णा गाडीतून उतरून रेघ शोधू लागले. शेवटी धाकटीने युक्ती सांगितली, "आजोबा, पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्या डच, पांढऱ्या जर्मन!"

"इथं चोरी झाली तर फौजदार कुठला येतो?" अण्णांनी विचारलं.

"ज्या बाजूला झाली त्या देशाचा."

"आणि चोर रस्ता ओलांडून पळाला तर?"

तर पोलिसांनाही ठरावीक नियमांनी पाठलाग करत पलीकडे जाता येतं. शेंगेन करारात तशी सोय आहे. अण्णांना हे फार आवडलं.

तिथून आखेनवरून बेल्जियममधल्या ऑयपेनला गेलो. हा भाग पूर्वी जर्मनीचा. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने १९२० मध्ये तो बेल्जियमला मिळाला. १९४० मध्ये हिटलरने परत घेतला, युद्ध संपल्यावर पुन्हा बेल्जियमकडे आला. बेकरीतल्या बाईंशी सौ. नेहमीच्या जर्मनमध्ये बोलली, त्यांनी तशाच जर्मनमध्ये उत्तर दिलं. अण्णा बघत होते.

"हा देश बेल्जियम ना? मग या जर्मन का बोलतात?"

आम्ही सांगितलं, की इथे जर्मन बोलणारे जेमतेम ऐंशी हजार लोक. पण जर्मन ही बेल्जियमच्या तीन अधिकृत भाषांपैकी एक आहे. १९७३ मध्ये या लोकांची स्वतःची परिषद झाली, आता ऑयपेनमध्ये त्यांची विधानसभा आहे. शाळा जर्मन, सरकारी कागदही जर्मन.

अण्णांची कॉफी गार झाली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे गाव हललं नाही, भाषा हलली नाही, नुसतं राज्य बदललं. आमच्यासारखंच की. पण यांचे कागद यांना वाचता येतात."

पर्यटन कार्यालयातून त्यांनी एक जर्मन माहितीपत्रक मागून घेतलं आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

तिथून दक्षिणेला लक्झेंबर्ग पार करून मोझेल नदीकाठच्या शेंगेनला पोचलो. ज्याच्या नावाने आपण व्हिसा काढतो ते हे एवढंसं द्राक्षमळ्यांचं खेडं! समोर जर्मनीचं पेर्ल, बाजूला फ्रान्स. १४ जून १९८५ ला इथे नदीवर एका बोटीत पाच देशांनी करार केला, आणि २६ मार्च १९९५ पासून सीमेवरची तपासणी प्रत्यक्षात थांबली. नदीचं तर आणखीच नवल. लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्यामधलं मोझेलचं पात्र दोन्ही देशांच्या सामाईक मालकीचं आहे. "नदी दोघांची?" कृष्णेच्या पाण्याचे तंटे ऐकत आयुष्य गेलेले अण्णा पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

पूल ओलांडून पेर्लला आलो आणि पोलिसांनी हात दाखवला. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, हे आम्ही बातम्यांत ऐकलं होतं. पण आमचे पासपोर्ट आणि राहण्याचे परवाने घरच्या कपाटात! इतकी वर्षं भाजी आणायला हॉलंडला जायची सवय, कोण बरोबर घेतो? आम्ही खिसे चाचपत असताना अण्णांनी कापडी पिशवी उघडली. पासपोर्ट, व्हिसा, विमा, परतीचं तिकीट, सगळं क्रमाने. त्यांची तपासणी दोन मिनिटांत झाली. आमची नावं यंत्रावर शोधायला अर्धा तास लागला. शेवटी ताकीद देऊन सोडलं.

गाडी सुरू झाल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "रस्ता मोकळा दिसला म्हणून कागद घरी ठेवायचे नसतात, बाबा."

तेव्हा वाचकहो, तुम्हीही सहलीला निघताना मूळ कागदपत्रं बरोबर ठेवा.

ऑगस्टमध्ये अण्णा परत गेले. विमानतळावर त्यांनी ते ऑयपेनचं माहितीपत्रक आमच्या हातात ठेवलं. "याचं मराठी करून पाठव. १ नोव्हेंबरच्या आत. गावच्या वाचनालयात लावायचंय."

भाषांतर सुरू आहे. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं कोश घेऊन बसतो.