टपालाने आलेल्या सह्या

समोर उभे राहून घेतलेल्या सहीला निदान एक साक्षीदार असतो, सही घेणारा स्वतः. टपालाने आलेल्या सहीला तेवढाही नसतो. पाकीट इथून निघते, काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित वर्ष उलटल्यावर परत येते, आणि मधल्या काळात पलीकडे काय घडले असेल ते हाती आलेल्या कागदावरूनच ताडायचे. आमच्यापाशी फुटबॉलपटूंच्या अशा ५३ सह्या आहेत. त्यांतल्या खऱ्या किती, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला होता, पण त्याच्या उत्तरावर काही अवलंबून नव्हते. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने सगळा संग्रह विकत घेण्याची तयारी दाखवली आणि अट घातली की प्रत्येक सहीमागे प्रमाणपत्र हवे. तेव्हापासून त्या प्रश्नाला भाव आला.

हा छंद कोल्हापुरात जडला, त्यामुळे फुटबॉलच का, याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नसावी. ज्या गावात पेठापेठांची आणि तालमी-तालमींची चुरस शाहू स्टेडियमवर चेंडूने मिटते (किंवा पेटते), तिथे १९८६ची विश्वचषक स्पर्धा दूरदर्शनवर दिसू लागल्यावर काय झाले असेल याची वाचकांनी कल्पना करावी. मेक्सिकोतली भर दुपार म्हणजे आमची मध्यरात्र. त्या महिन्यात आमच्या गल्लीत वेळेवर झोपलेला माणूस आजारी समजला जाई. गंमत अशी की पाटाकडील किंवा प्रॅक्टिस क्लबच्या एकाही खेळाडूची सही आमच्याकडे नाही. सकाळी दूधकट्ट्यावर जो शेजारी उभा असतो त्याच्यापुढे वही कशी धरायची? सही दूरच्या माणसाची मागायची असते. अंतर वाढेल तशी तिची ओढ वाढते आणि तिच्याविषयीची खात्री कमी होते. सारा तिढा इथून सुरू होतो.

पत्र पाठवण्याची एक रीत होती आणि ती आम्ही कर्मकांडासारखी पाळत असू. ‘स्पोर्टस्टार’मधून कापलेले छायाचित्र किंवा पांढरे जाड कार्ड, त्याला वाकू न देणारा पुठ्ठा, एक अर्ध्या पानाचे पत्र, आणि आपलाच पत्ता आपणच लिहिलेले परतीचे पाकीट. पत्ता म्हणून क्लबचे नाव, स्टेडियमचे नाव आणि शहर एवढे बहुधा पुरे. परतीच्या टपालखर्चाचा प्रश्न मात्र अवघड होता. भारतीय तिकीट जर्मनीत चालत नाही आणि जर्मन तिकीट कोल्हापुरात मिळत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन. १९०६ साली रोमला भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या परिषदेने ही सोय केली. एका देशात कूपन विकत घ्यायचे, दुसऱ्या देशातल्या माणसाने ते आपल्या टपाल कार्यालयात देऊन उत्तराच्या पत्रापुरती तिकिटे घ्यायची. मोठ्या पोस्टातल्या कारकुनाला ते कपाटातून शोधून काढावे लागे, आणि दर वेळी तो आमच्याकडे संशयाने पाही. त्याचा संशय इतिहासाला धरून होता असे म्हणता येईल. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने जी लबाडी केली, आणि जिच्यावरून अशा सर्व लबाड्यांना त्याचे नाव पडले, ती याच कुपनांच्या नावावर केली होती. देशोदेशींच्या कुपनांच्या किमतींतल्या फरकातून नफा काढून देतो असे सांगून त्याने लोकांचे पैसे गोळा केले आणि जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशातून फेडत राहिला. खऱ्याखोट्याचा विचार करणाऱ्या या लेखात तो सुरुवातीलाच भेटावा हे योग्यच झाले.

सर्वाधिक उत्तरे जर्मनीतून आली. तिथे ही गोष्ट शिष्टाचाराचा भाग आहे. बुंडेसलिगातले क्लब दर हंगामाला प्रत्येक खेळाडूचे पोस्टकार्डाएवढे कार्ड छापतात, पुढे छायाचित्र, मागे जन्मतारीख, उंची, आधीचे क्लब वगैरे तपशील. त्याला ‘आउटोग्रामकार्टे’ म्हणतात. पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकणाऱ्या एका मित्राने आम्हाला आठ ओळींचा मजकूर करून दिला होता. तो आम्ही इतक्या वेळा नकलून काढला की जर्मनचे एक अक्षर न समजता जर्मन पत्र लिहिण्यात आमचा हात बसला. (म्हणजे आमचे पत्रही एका अर्थी दुसऱ्याच्याच हातचे होते. असो.)

पहिले कार्ड आले तेव्हा घरात पेढे वाटले नाहीत एवढेच. निळ्या शाईची, वेगाने उजवीकडे धावणारी सही. चार महिन्यांनी त्याच क्लबच्या दुसऱ्या खेळाडूचे कार्ड आले, त्यावरही तशीच निळी शाई, सही तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच तिरक्या चालीची. भिंगाखाली धरल्यावर दोन्ही सह्या सूक्ष्म ठिपक्यांत विरघळल्या. त्या छायाचित्राबरोबरच छापलेल्या होत्या. यात क्लबाने कोणाला फसवले असे आम्ही मानत नाही. छापील सही ही छापील सही म्हणूनच पाठवलेली असते, फक्त ती ओळखायला भिंग लागते. कागद तिरपा धरावा, दिवा बाजूने यावा. खरी शाई चकचकीत कागदावर वेगळी चमकते, बॉलपेनची रेघ कागदात किंचित रुतते आणि पाठीमागून बोट फिरवले तर तिचा उंचवटा लागतो. आमच्या ५३ पैकी ११ या पहिल्याच परीक्षेत गळल्या. रबरी शिक्क्याच्या दोन निघाल्या. शिक्क्याची शाई कडेला दाटते, मध्ये फिकी राहते, आणि लेखणीचा वेग तिला ठाऊक नसतो.

खरी अडचण पुढे आहे. शाई खरी, रेघ रुतलेली, तरी हात कोणाचा? ‘ऑटोपेन’ नावाच्या यंत्रात खरी लेखणी बसवतात आणि यंत्राचा दांडा साठवलेल्या नमुन्यावरून ती फिरवतो. अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी २००४ साली मान्य केले की युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरी गेलेल्या सांत्वनपत्रांवर त्यांनी स्वतः सह्या केलेल्या नव्हत्या. २०२२ साली बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ‘हाताने सही केलेल्या’ प्रती ५९९ डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. वाचकांनी आपापल्या प्रतींवरच्या सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि त्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलनने क्षमा मागितली.

ही परीक्षा आम्हाला फार बोलकी वाटते. माणूस आपली सही आयुष्यात हजारो वेळा करतो आणि एकदाही तशीच्या तशी करत नाही. दोन सह्या उजेडापुढे एकावर एक धरल्या आणि रेघेला रेघ जुळली, तर त्यांतली निदान एक खोटी. आपण मात्र नेमके उलट शिकलेलो असतो. बँकेतला कारकून ‘सही जुळत नाही’ म्हणून धनादेश परत करतो तेव्हा तो आपल्याकडून यंत्राची अपेक्षा करत असतो. सह्यांचे तज्ज्ञही तुलनाच करतात, फरक इतकाच की त्यांतले चांगले असतात ते साम्याबरोबर नैसर्गिक चढउतारही शोधतात. तरीही त्यांचे अंतिम मत हे मतच. सही होताना ते तिथे नव्हते.

यंत्राहून अवघड परीक्षा दुसऱ्या माणसाच्या हाताची. बीटल्सच्या कित्येक सह्या नील ॲस्पिनल आणि मॅल इव्हान्स या त्यांच्या सहायकांनी केलेल्या आहेत हे आता सर्वांना ठाऊक आहे. फुटबॉलच्या संग्राहकांतही ही शंका जुनी आहे. अकरा जणांच्या सह्यांचा चेंडू एकाच बैठकीत, एकाच दाबाने सही झालेला दिसला, की कपडे सांभाळणाऱ्या माणसाची आठवण काढायची. मराठी माणसाला याचा इतका धक्का बसू नये. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात पत्र चिटणिसाने लिहायचे, धन्याचा शिक्का वर आणि मोर्तब शेवटी. पत्र खरे ठरे ते त्या उमटलेल्या ठशामुळे, अक्षर कोणाचे हा मुद्दा दुय्यम. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो, पण सहीकडून मात्र आपल्याला धन्याचा प्रत्यक्ष हात हवा असतो. क्लबच्या कार्यालयातल्या एखाद्या बाईंनी दुपारी चहानंतर पन्नास पाकिटे उघडून पन्नास सह्या ठोकल्या असतील, तर त्या चिटणिशीच्या परंपरेतल्याच. आमच्या संग्रहात अशा किती, ते सांगता येत नाही. नऊ-दहांवर आमचा दाट संशय आहे, कारण तीन वेगळ्या खेळाडूंचा ‘र’ सारख्याच लकबीने वळतो.

आता प्रमाणपत्रांविषयी. आजकाल चमकणारी होलोग्रामची चिकटपट्टी आणि क्रमांक यांना फार मान आहे. हे नवे मोर्तब. परंतु नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने जो तपास केला, त्यात बनावट सह्यांबरोबर त्यांची बनावट प्रमाणपत्रेही सापडली. तिथला बाजार मुख्यतः बेसबॉलचा होता, आणि जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते. कोलकात्यात १९७७ साली पेले ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेला होता. त्या शहरातल्या साध्वीच्या हाती फुटबॉल दिला असता तर निदान भूगोल तरी जुळला असता. ज्याने सही बनवली त्याला कागद बनवणे काय कठीण?

या सर्व हिशेबात एक कार्ड बसत नाही, आणि व्यापाऱ्याशी आमचे बोलणे तिथेच अडले. सत्तरच्या दशकात बुंडेसलिगात खेळलेला एक बचावपटू, ज्याचे नाव फार थोड्यांना आठवेल. १९९१ साली त्याने आम्हाला पांढऱ्या कार्डावर सही पाठवली. ठसठशीत, शेवटी खाली झेप घेणारी. वीस वर्षांनी, २०११ साली, आम्ही त्याला पुन्हा लिहिले. उत्तर सात महिन्यांनी आले. सोबत दुसऱ्या कोणाच्या अक्षरात एक ओळ होती, उशिराबद्दल क्षमा असावी, अशा अर्थाची. कार्डावरचे पहिले अक्षर ओळखू येते. पुढे लेखणी तीनदा थांबलेली आहे, मधली दोन अक्षरे गळलेली आहेत, आणि ती प्रसिद्ध झेप नाही. सहीच्या खाली पेन्सिलीने पट्टी धरून एक फिकट आडवी रेघ आखलेली आहे, शाळेत मुलांना आखून देतात तशी.

गेर्ड म्यूलरला स्मृतिभ्रंश झाल्याचे बायर्न म्युनिकने २०१५ साली जाहीर केले. नॉबी स्टाइल्स आणि जॅक चार्लटन २०२० साली गेले, त्याच वर्षी बॉबी चार्लटनच्या आजाराची बातमी आली. १९६६च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातले हे तिघेही त्याच वाटेने गेले. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीनपट होते. चेंडू डोक्याने मारण्याशी त्याचा संबंध असावा अशी दाट शंका तेव्हापासून आहे. आमचा बचावपटू कशाने थकला ते आम्हाला ठाऊक नाही. वय हेही कारण पुरेसे असते. पण कोपऱ्यावरून उंच आलेला चेंडू डोक्याने दूर घालवणे हेच ज्याचे पंधरा वर्षांचे काम, त्याच्या सहीखाली ती पेन्सिलीची रेघ पाहिली की या बातम्या आठवतात.

व्यापाऱ्याने दोन्ही कार्डे शेजारी ठेवली. पहिले त्याला लगेच पटले. दुसऱ्याला तो म्हणाला, “साहेब, ही बाद. मूळ सहीशी काहीच जुळत नाही. कोणीतरी घरच्याने केलेली दिसते.” त्याच्या शास्त्राप्रमाणे त्याचे बरोबर होते. प्रमाणपत्र देणारी कोणतीही संस्था हेच सांगेल. आमचे म्हणणे इतकेच होते की ज्याला खोटी सही करायची असते तो चांगली करतो. घरच्या माणसाने केली असती तर ती आधीच्या सहीसारखी झाली असती, निदान अक्षरे तरी गळली नसती, आणि स्वतःसाठी कोणी पेन्सिलीची रेघ आखत बसत नाही. ती रेघ आखणारा हात वेगळा आणि तिच्यावर चालताना अडखळलेला हात वेगळा. शेवटच्या अक्षराला त्या दुसऱ्या हाताने आधार दिला होता का, हे आम्ही ठरवू शकत नाही, आणि ठरवावेसे वाटतही नाही.

“मग बाकीच्या तरी पाठवू या तपासायला,” तो म्हणाला. आम्ही दर विचारला. एका सहीच्या तपासणीचा खर्च आमच्या बऱ्याच सह्यांच्या किमतीहून जास्त निघाला. मोठी नावे थोडीच होती, तेवढीच पाठवावीत असे त्याने सुचवले. आम्ही चहा मागवला. शेवटी त्याने छापील सह्यांची अकरा कार्डे चाळली आणि विचारले, ही तरी द्याल का, मुलगा फुटबॉल खेळतो, भिंतीवर लावील. ती आम्ही त्याला देऊन टाकली. उरलेली परत लावताना २०११चे कार्ड ज्या पाकिटातून आले ते हाती लागले. वर जर्मन तिकीट, त्यावर टपालाचा शिक्का, आणि खाली कोल्हापूरचा पत्ता, आमच्याच अक्षरात.