सहीपुरते पालक

'सहभाग' हा शब्द परिपत्रकांनी फार स्वस्त केला आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत. आम्हां पालकांकडून मात्र इतिवृत्तावर सही तेवढी मागितली जाई.

पुढे अंध मुलांसाठी काम करणारी एक संस्था, आमचा पालकगट आणि शाळा महिन्यातून एकदा एकत्र बसू लागले. विशेष शिक्षिकेने पहिला प्रश्न आम्हांलाच विचारला: घरी तो वस्तू कशा ओळखतो? उत्तर आजीने दिले. मूग आणि मटकी तो बोटांनी वेगळी करतो, क्वचितच चुकतो. (कोणत्याही अहवालात ही नोंद नव्हती.) पुढच्या आठवड्यात गणिताच्या तासाला मण्यांऐवजी कडधान्ये आली.

सह्या अजूनही घेतात. परंतु आता इतिवृत्त आधी वाचून दाखवतात, आणि आजी त्यात दुरुस्त्या सुचवते.