वजूचं गरम पाणी

भंडाऱ्यात जानेवारीत फजरच्या वजूला नळाचं पाणी हाताला झोंबतं. मोहल्ल्यातल्या मशिदीसाठी गिझर घ्यायचं ठरलं आणि कमिटीने मलाच दुकानात पाठवलं. मास्तर शिकलेले ना! चंद्याचा पैसा, म्हणून मी सगळ्यात स्वस्त, कमी ताऱ्यांचा उचलला. जास्त तारे म्हणजे पाणी लवकर तापणार, एवढीच माझी समज. आम्हाला कुठे घाई होती?

विजेचं बिल वाढलं तेव्हा स्टिकर नीट वाचला. हे तारे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे. २००१ च्या कायद्याने २००२ मध्ये आलेली ही केंद्राची संस्था. पाणी साठवणाऱ्या गिझरचे तारे तापण्याच्या वेगावर नसतातच. टाकी गरम, नळ कोणी उघडला नाही, तरी चोवीस तासांत किती युनिट उष्णता वाया जाते, त्यावर असतात. पंचवीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला कुठल्याही गिझरला पाऊण-एक युनिट लागणारच. फरक टाकीभोवतीच्या आवरणाचा.

आणि आमचा गिझर इशापासून फजरपर्यंत नुसता चालूच! नऊ-दहा तास, एकही हात नळाला लागत नाही.

आता मोअज्जन चाचा अजानच्या अर्धा तास आधी बटण दाबतात, नमाजनंतर बंद करतात. मी कमिटीला चूक सांगितली. सदरसाहेब हसून म्हणाले, "सर, जाऊ द्या."

पाच ताऱ्यांच्या गिझरची किंमत मी विचारून ठेवली आहे. वरचे पैसे माझ्या पगारातून देईन. घरी अजून बोललो नाही.