वाढीव बांधकाम

घराला दोन खण वाढवायचे, एवढाच आमचा बेत होता. 'खण' हा शब्द ऐकून तरुण अभियंता क्षणभर थांबला. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, जुनी घरे याच मापाने ओळखली जात आणि साताऱ्यातले हे आमचे घर चार खणांचे आहे, असे आम्ही त्याला वर्गात शिकवावे तसे समजावले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि वहीत चौरस फूट लिहिले.

निमित्त आईचे होते. तिचे वय ७८. न्हाणीघर आणि संडास परसात, तीन पायऱ्या उतरून. २०२२ च्या पावसाळ्यात ती त्या पायऱ्यांवरून घसरली. हाड मोडले नाही, पण रात्री उठायची भीती तिच्या मनात बसली. तेव्हा मागच्या बाजूला तिच्यासाठी एक खोली आणि लगतच न्हाणीघर. त्यावर आणखी एक मजला, तो आमच्या पुस्तकांसाठी. दोघेही मराठीचेच प्राध्यापक असल्याने घरात बऱ्याच पुस्तकांच्या दोन-दोन प्रती आहेत आणि माळा केव्हाच भरला आहे. लोकांना सांगताना मात्र आम्ही फक्त आईची खोली सांगत असू, हे येथे कबूल केलेले बरे.

जुन्या भिंती दगडमातीच्या. त्यांच्यावर स्लॅबचा भार टाकता येणार नाही, नवे बांधकाम स्वतंत्र पाया आणि खांब घेऊनच उभे करावे लागेल, असे अभियंत्याने सांगितले. खालचे-वरचे मिळून ८४० चौरस फूट, दर २,१०० रुपये, म्हणजे १७ लाख ६४ हजार. आमच्या गुरुजनांच्या पिढीने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घरे बांधली. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना ती जुनी वाट उरली नाही आणि आम्ही दोघेही त्यानंतरचे. उरला गृहकर्जाचा मार्ग. जोत्यापर्यंत एक हप्ता, स्लॅबला दुसरा, आणि अंदाजपत्रकातली काही रक्कम आधी आपल्या खिशातून.

बँकेतले अधिकारी सौजन्यशील होते. त्यांनी मिळकत पत्रिका मागितली. तिच्यावर वडिलांचेच नाव. वडील २०१७ मध्ये गेले. घर त्यांनी १९७४ मध्ये स्वकमाईतून घेतलेले, मृत्युपत्र केलेले नाही. म्हणजे कायद्याने तीन वारस, आई, ताई आणि मुलगा, आणि तिघांचे हिस्से सारखे. सर्व मालकांनी सहकर्जदार व्हावे, नाहीतर आई आणि बहीण यांचे हक्कसोडपत्र आणावे. "दुसरंच सोपं आहे. पाचशेचा मुद्रांक लागतो. सगळे तसंच करतात," ते म्हणाले.

ज्या आईसाठी खोली, तिनेच घरावरचा हक्क सोडायचा. आणि आम्ही त्या टेबलासमोर माना डोलावल्या.

हा विषय आम्हांला नवा नव्हता, हीच अडचण होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण त्याच कायद्याच्या कलम २३ ने, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस आपण होऊन करीत नाहीत तोवर तिला ती मागण्याची मुभा ठेवली नाही. विवाहित मुलीला, विधवा वा परित्यक्ता नसेल तर, तेथे राहण्याचाही हक्क नव्हता. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने गेले. ताराबाई शिंद्यांचे १८८२ सालचे 'स्त्रीपुरुष तुलना' शिकवताना हे सारे आम्ही विद्यार्थ्यांना उत्साहाने सांगत आलो आहोत.

आणखी एक गोष्ट. आमच्यापैकी एकीने २०११ मध्ये स्वतःच्या माहेरी असाच कागद करून दिला होता. भावाने बोट ठेवले तेथे सही केली, अंगठा उमटवला, फोटो काढून घेतला. दुपारी पुरणपोळी होती. निघताना साडी मिळाली. कागद वाचल्याचे मात्र आठवत नाही. रोज मजकुराचे बारकाईने वाचन शिकवणाऱ्या बाईने आयुष्यातला एक मजकूर न वाचता सोडला, आणि इतक्या वर्षांत त्याबद्दल आम्ही घरात कधी अवाक्षर काढले नव्हते. बँकेतून परतल्यावर रात्री प्रथमच बोललो. ते बोलणे सुखाचे झाले नाही.

तरीही मसुदा तयार करून घेतला आणि कोल्हापूरला ताईकडे गेलो. ताईने आधी नकाशा मागितला. जेवणाचे ताट बाजूला सारून तो जमिनीवर पसरला आणि त्यावरून बोट फिरवू लागली. मागच्या बाजूला येऊन बोट थांबले.

"परसात जायचं दार कुठं गेलं?"

तेथे आता वरच्या मजल्याचा जिना होता.

"मग आई तुळशीपाशी कशी जाणार? दिवसभर ती तिथंच तर बसते."

आम्ही गप्प. ताई म्हणाली, "ते बघा तुम्ही. बरं, सही कुठं करायची दाखव."

पिशवी जिच्या हातात होती तिने मसुदा बाहेर काढला नाही. दुसऱ्यानेही मागितला नाही. यात औदार्य होते असे म्हणवत नाही. लाज वाटली, एवढेच. कऱ्हाड येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. वारसनोंदीचा अर्ज केला. मिळकत पत्रिकेवर आता तीन नावे आहेत. बांधकाम परवान्यासाठी ताईचीही सही लागलीच, पण ती सहमालक म्हणून दिलेल्या संमतीपत्रावर. वरचा मजला रद्द केला, त्याबरोबर जिना गेला आणि दार राहिले. खाली २१० चौरस फूट. लहान काम म्हणून दर २,३०० पडला, एकूण ४ लाख ८३ हजार. आमच्या सेवकांच्या पतसंस्थेने तीन लाख दिले. व्याज बँकेपेक्षा जास्त, पण तिला घराचे कागद लागत नाहीत, पगारातून कपात आणि दोन जामीनदार पुरतात. एक जामीनदार इतिहास विभागातले. सही करताना त्यांनी मात्र मजकूर दोनदा वाचला. पुस्तके अजून माळ्यावरच आहेत.

स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी अभियंत्याने विचारले, पुढेमागे मजला चढवायचा तर खांबांच्या सळया वर सोडायच्या का? आम्ही ताईला फोन लावला.

"सोडा की," ती म्हणाली, "पण उघड्या ठेवू नका. पावसात गंजतात."