पूर्णा ते परळ

भिवंडीहून ठाण्याकडे निघालात की अंजूरफाट्यानंतर राहनाळ लागते आणि मग पूर्णा. आज इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामेच गोदामे दिसतात. मधोमध ठाणे-भिवंडी मेट्रोचे खांब, खाली कंटेनरच्या रांगा. गोदामांत माल चढवणारी-उतरवणारी माणसे मागच्या गल्ल्यांतल्या खोल्यांत राहतात. अशाच एका खोलीत माझी भाभी राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. उपचार पूर्ण झाले, अलहम्दुलिल्लाह. मात्र तपासणीसाठी दर सहा महिन्यांनी परळ गाठावेच लागते.

फजरची नमाज झाली की आम्ही निघतो. काल्हेर, कशेळी, खाडीवरचा पूल, बाळकुम, ठाणे स्टेशन. तिथून धीमी लोकल धरून परळ. पुढे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय.

वाहतूक तुंबली की भाभीच्या हातातली तसबीह भराभर फिरू लागते. तारीख पंधरा दिवसांवर आली तेव्हापासूनच तिची झोप उडालेली असते. काखेत जरा दुखले की हात तिथेच जातो. "परत आला असेल तर?" हे ती मुलांसमोर कधी बोलत नाही. रिक्षात मात्र बोलते. आम्ही ऐकतो.

नातेवाईक विचारतात, "दर वेळी सगळ्या अंगाचा स्कॅन का नाही करून घेत? एकदाची खात्री होईल." याचे उत्तर इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांनी १९९४ मध्येच दिले आहे. ऑपरेशन झालेल्या काही स्त्रियांच्या हाडांचे स्कॅन व छातीचे एक्स-रे नियमाने काढले. बाकीच्यांची डॉक्टरांकडून तपासणी आणि मॅमोग्राफी एवढेच केले. जास्त तपासण्या झालेल्या स्त्रिया काही जास्त जगल्या नाहीत. म्हणून त्रास नसताना असे स्कॅन सहसा सांगत नाहीत. पहिली तीन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासणे आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, हा साधारण नियम. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात. थोडे दुखते, पण ते काही क्षणच. स्त्री तंत्रज्ञ हवी असेल तर आधी विचारावे, त्यात संकोच नको.

कधी आणखी एक फोटो किंवा सोनोग्राफी सांगतात. त्याचा अर्थ आजार परतला असा नव्हे. ऑपरेशनच्या व्रणामुळेही चित्र नीट दिसत नाही. मात्र व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, धाप, हाताला सूज असे काही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही नबी (स.) यांची शिकवण आपण मुलांनाही सांगतो. तपासणीला जाणे म्हणजे उंट बांधणेच. भीती वाटते म्हणून ईमान कमी झाले असे कुणी म्हणू नये. भीती वाटणारच, ती माणसाला वाटतेच.

तुमच्या घरात अशी कुणी आपा, खाला, भाभी असेल तर "काही होत नाही" म्हणून तिला गप्प करू नका. तपासणीची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी कामाची सुट्टी काढा. पूर्ण्याहून परळपर्यंतची वाट लांब आहे. तिला एकटीला पाठवू नका.